अनुभव धागा: बेताच्या खर्चात घरचा स्टिरिओ

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला, तेव्हा या भागाला गाण्याचे वेड असावे यात नवल नाही. मात्र महागडा संच घेणे सगळ्यांना झेपत नाही. थोडक्या पैशांत ज्यांनी चांगला आवाज मिळवला, त्यांनी काय घेतले आणि कशाने फरक पडला, हे कृपया सविस्तर लिहावे.

शहापूर, बेळगाव: मी जुना ॲम्प्लिफायर व दोन लहान स्पीकर वापरतो. आधीच्या घरमालकाप्रमाणे मीही स्पीकर कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवले होते आणि डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर पसरत असे, कारण दोन भिंती जवळ आल्या की खर्ज फुगतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आणले, ट्वीटर (उंच स्वर काढणारे छोटे स्पीकर) कानाच्या उंचीवर आणले आणि दोन स्पीकर व माझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधला, तेव्हा मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्यामागचा तंबोरा वेगळा ऐकू येऊ लागला. याला एक रुपयाही लागला नाही, म्हणून नवी खरेदी करण्यापूर्वी प्रत्येकाने हे करून पाहावेच.

खानापूर: आमच्याकडे पाऊस दांडगा. जुन्या वूफरची (खर्ज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरची) फोमची कड कालांतराने भुगा होऊन गळते आणि दमटपणाने ते लवकर घडते. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, शाबूत असेल तर स्पीकर टाकून देऊ नये. कड तेवढी बदलता येते. चिकटवताना कॉइल (पडद्यामागची तारेची गुंडाळी) बरोबर मधोमध राहिली पाहिजे, नाहीतर ती घासून खरखर येते. जुना स्पीकर घेताना जाळी काढून कडेवर बोट हलकेच फिरवून पाहावे. रबरी कड पुष्कळ अधिक टिकते.

निपाणी: खोक्यावरच्या पीएमपीओच्या (क्षणभराच्या कमाल शक्तीच्या) आकड्याला भुलू नये, आरएमएस (सतत मिळणारे) वॅट विचारावेत. स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक शक्तीला मिळणारा आवाज) ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. आमच्या बैठकीच्या खोलीत थोडे वॅट भरपूर होतात.

चिकोडी: खर्ज अचानक पातळ वाटला तर आधी तारा तपासाव्यात. एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या की दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि खालचे स्वर एकमेकांना खोडतात. आमच्या शेजारच्या काकांचा संच दुरुस्तीला निघाला होता, तो तारा सरळ केल्यावर घरीच राहिला.