मॅस्टेक्टॉमीनंतर आता रिकन्स्ट्रक्शन करायचंय (पोटाचा फ्लॅप), तयारी कशी केलीत?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारायचं ठरवलं. मी ४४ वर्षांची, सांगली जिल्ह्यात राहते. २०२३ मध्ये कॅन्सरमुळे डाव्या बाजूची मॅस्टेक्टॉमी (स्तन काढायचं ऑपरेशन) झाली, आधी केमो, नंतर रेडिएशन, आणि आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज चालू. तेव्हा रिकन्स्ट्रक्शनचं (स्तन परत तयार करायचं) विचारलं तर सर्जन म्हणाले रेडिएशन द्यायचंय, आधी ते होऊ दे मग बघू. त्यावेळी मलाही फक्त यातून बाहेर पडायचं होतं, पुढचं काही सुचत नव्हतं.

आता सगळे रिपोर्ट चांगले आहेत. सिलिकॉनचा पॅड वापरते पण उन्हाळ्यात त्याच्याखाली घामाने पुरळ उठतं, वाकून काही काम करायला गेलं की पॅड वर सरकतो आणि मग चारचौघात पदर धरून उभं राहायचं. लग्नकार्यात ब्लाउज शिवायला टाकायचा म्हटलं तरी टेलरला काय सांगायचं हा प्रश्न. मला परत नीट व्हायचंय, एवढं साधं आहे. सासूबाई मायेनेच बोलतात पण म्हणतात, जीव वाचला ना, आता कशाला परत चिरफाड. मिस्टर म्हणतात तुझं शरीर आहे, तू ठरव, मी आहे.

पुण्यातल्या प्लास्टिक सर्जनने डीआयईपी फ्लॅप सुचवलाय, म्हणजे पोटावरची चरबी आणि कातडी रक्तवाहिनीसकट काढून छातीवर जोडायची. त्यांनी समजावलं छान, पण घरी आल्यावर डोक्यात शंभर प्रश्न. माझं एक सिझर झालंय आणि कुटुंब नियोजनाचं ऑपरेशनही, मग पोट चालेल का? टॅमॉक्सिफेनचं काय करायचं? घरी भारतीय संडास आहे आणि झोपायची खोली माडीवर, ते जमेल का? रेडिएशनच्या जागेची कातडी अजून कडक आणि काळपट आहे, त्यावर टाके धरतील का? आणि मेडिक्लेमवाल्या एजंटने सांगितलं की हे कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, चांगलं-वाईट सगळं.

मोगरा_ठाणे

ताई, आधी तुला घट्ट मिठी. मी हेच ऑपरेशन केलंय, माझंही रेडिएशननंतरच, त्यामुळे जे माहितीय ते सगळं लिहिते, लांबलं तर सांभाळून घे.

सिझरचं आधी सांगते. आडवा टाका असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही, कारण त्यांना लागणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बेंबीच्या आजूबाजूने वर येतात. पण अंदाजाने कोणी काही करत नाही, आधी पोटाची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करतात आणि त्यात कुठली वाहिनी जाड आहे, कुठली स्नायूतून कशी जाते हे सगळं दिसतं. तुझ्या दोन्ही ऑपरेशनचे जुने कागद असतील तर घेऊन जा. पोटाची टमी टक (पोट घट्ट करायचं ऑपरेशन) झालेली असेल तर मात्र हा फ्लॅप होत नाही. सीटीत कॉन्ट्रास्ट देतात म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात, आणि शुगरची गोळी चालू असेल तर ती थांबवायची का ते विचारून घे.

रेडिएशनच्या कातडीची भीती मलाही होती. पण म्हणूनच तर पोटाचं सुचवतात! रेडिएशन झालेल्या जागी इम्प्लांट टाकलं तर भोवती कडक कवच धरणं, इन्फेक्शन, जखम उघडणं हे प्रकार जास्त होतात. फ्लॅप स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येतो. जी कातडी जास्त खराब आहे ती काढून तिथे पोटाची कातडी बसवतात. हे आधीच मनात धर की छातीवर एक वेगळ्या रंगाचा तुकडा दिसणार, कडेने टाक्याची रेघ दिसणार. माझ्या बाळंतपणातले पोटावरचे पांढरे वळ आता छातीवर आहेत. मला ते बघून वाईट वाटत नाही, पण एका मैत्रिणीला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्यांदा ड्रेसिंग उघडल्यावर ती खूप रडली. डॉक्टरांकडे त्यांच्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो माग, चांगले आलेले आणि मध्यम आलेले दोन्ही. आणि त्या जागी पूर्वीसारखी संवेदना येत नाही, थोडीफार आली तर आली. निपल नंतर काही महिन्यांनी वेगळं करतात किंवा टॅटू करतात, दुसरी बाजू जुळवायची असेल तर त्याचंही छोटं ऑपरेशन. म्हणजे एका फटक्यात संपत नाही, तशा हिशोबाने रजा आणि पैसे ठेव.

टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका थोडा वाढतो आणि यात तर मायक्रोस्कोपखाली दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या जोडतात, म्हणून बरेच सर्जन काही आठवडे आधी ती थांबवायला सांगतात. पण ते तुझ्या ऑन्कोलॉजिस्टने ठरवायचं, तू आपल्या मनाने एक गोळीही सोडू नकोस, आणि परत कधी सुरू करायची ते कागदावर लिहून घे. इकोस्प्रिन (रक्त पातळ करायची गोळी), आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई असं काही चालू असेल तर तेही सांग.

तंबाखूचं मुद्दाम लिहिते. फॉर्मवर स्मोकिंग विचारतात आणि आपल्याकडच्या बायका सरळ नाही लिहितात, पण मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिनने बारीक वाहिन्या आकसतात आणि पोटाचा टाकाही भरत नाही. निदान महिनाभर आधी पूर्ण बंद आणि नंतरही बंदच. घरात कोणी विडी-सिगरेट ओढत असेल तर त्यांनाही बाहेर पाठव. याशिवाय हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आत्ताच करून घे, कमी-जास्त असेल तर सुधारायला हाताशी महिने हवेत. आणि चरबी लागणार म्हणून कोणी वजन वाढव म्हणेल, तसलं काही करू नको, वजन स्थिर ठेव, प्रोटीन वाढव, मी अंडी आणि मोड आलेली मटकी-मूग रोज खात होते.

ऑपरेशन सात-आठ तास चालतं, कधी जास्त. बाहेर बसणाऱ्यांना हे सांगून ठेव नाहीतर ते घाबरतात. पहिले एक-दोन दिवस तासातासाला सिस्टर येऊन फ्लॅपचा रंग बघणार, बोटाने दाबून बघणार, डॉपलरचं छोटं यंत्र लावून रक्ताचा आवाज ऐकणार. झोप होत नाही. पण तो सूं सूं आवाज ऐकला की मला इतकं बरं वाटायचं! चांगल्या सेंटरला फ्लॅप फेल होण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीनच्या आसपास सांगतात. तुझ्या डॉक्टरांना विचार, तुम्ही वर्षाला असे किती करता आणि काही बिघडलं तर रात्री परत थिएटरला न्यायला टीम असते का. असं विचारल्याने चांगला सर्जन चिडत नाही.

एक राहिलंच. नंतर पोट आणि छाती दोन्ही ठिकाणी बराच काळ बधिर असतं. गरम पाण्याची पिशवी, शेक, हीटिंग पॅड काहीही लावायचं नाही. भाजलेलं कळतच नाही.

फिजिओ_मृणाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करते. मोगराताईंनी छान लिहिलंय, मी फक्त हालचालींचं लिहिते.

ताई, डावा हात कानाला लागेपर्यंत सरळ वर जातो का? रेडिएशननंतर खांदा आखडलेला असतो आणि कामं अडत नाहीत म्हणून कळत नाही. तो ऑपरेशनच्या आधी मोकळा करून घ्या, नंतर काही आठवडे बंधनं असतात आणि अजून आखडतो. भिंतीवर बोटं चढवत नेणं, काठी दोन्ही हातांत धरून वर नेणं, असे साधे व्यायाम रोज. दोन्ही हातांचे घेर टेपने मोजून लिहून ठेवा, म्हणजे नंतर लिम्फेडेमाची (हातात पाणी साठून येणारी) सूज आली तर तुलना करता येईल. त्या हाताला आत्ताच जडपणा किंवा सूज असेल तर सर्जनला आधी सांगा.

पोटाचा टाका एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत असतो आणि ताणून शिवलेला असतो, त्यामुळे पहिला आठवडा-दहा दिवस कमरेत वाकूनच चालायचं, ताठ उभं राहायची घाई नको. झोपताना पाठ उंच आणि गुडघ्यांखाली उशा. अंथरुणातून सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग चांगल्या हाताने रेटून उठायचं. हे आत्तापासून रोज सकाळी असंच उठून सवय करा, नंतर दुखत असताना शिकणं अवघड जातं. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर आणून श्वासाचा व्यायामही आधीपासून सुरू करा. खोकला आला तर पोटाला उशी धरून खोकायचं.

भारतीय संडास चालणार नाही, निदान सुरुवातीचे काही आठवडे उकिडवं बसायचं नाही. कमोडची खुर्ची मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही मिळते. माडीचं म्हणाल तर पलंग खालच्या खोलीत आणा. जिना चढता येतो पण दिवसातून पाच वेळा नको.

सहप्रवासी_नाशिक

मी नवरा म्हणून लिहितोय. माझ्या मिसेसचं पाठीच्या स्नायूचं, एलडी फ्लॅपचं ऑपरेशन झालं, कारण त्या खूप बारीक आहेत, पोटावर पुरेसं नव्हतं. त्यात पाठीला पाणी साठतं ते सुईने काढावं लागलं, बाकी ठीक.

तुमच्या मिस्टरांना दाखवा म्हणून लिहितो. घरी ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या) नळ्या घेऊन येतात, त्यातलं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं आणि फोनवर कळवायचं, हे काम माझ्याकडे होतं. हॉस्पिटलमधून निघायच्या आधी सिस्टरकडून ड्रेन रिकामा करायला स्वतःच्या हाताने शिकून घ्या. पुढून उघडणारे सैल गाऊन घ्या, आतून खिसे शिवून घ्या म्हणजे ड्रेनच्या बाटल्या लोंबत नाहीत. कुकर, पाण्याची कळशी, कणीक मळणं, धुणं, स्कूटी हे सगळं सहा ते आठ आठवडे बंद, आणि नुसतं "तू आराम कर" म्हणून बायको आराम करत नाही, स्वयंपाकाला कोण येणार हे आधी ठरवा. बद्धकोष्ठ होतं पेनकिलरने, इसबगोल आणून ठेवा. सांगलीहून पुण्याला येणार तर डिस्चार्जनंतर आठवडाभर पुण्यातच कोणाकडे तरी राहा, ड्रेसिंगला परत यावं लागतं.

तुमच्या सासूबाईंना सोबत एकदा डॉक्टरकडे नेता आलं तर न्या. माझ्या आईला पण हेच वाटत होतं की यामुळे कॅन्सर परत येईल. डॉक्टरांनी सांगितलं की रिकन्स्ट्रक्शनने कॅन्सर परत यायचा धोका वाढत नाही, आमच्या तोंडून दहा वेळा ऐकून जे पटलं नव्हतं ते तिथे पटलं.

पॉलिसीवाला_सोलापूर

फक्त मेडिक्लेमचं. एजंटने अर्धवट सांगितलंय. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कॉस्मेटिक सर्जरीचं जे स्टँडर्ड एक्स्क्लुजन, म्हणजे पैसे न मिळण्याचं कलम, ठरवून दिलंय (पॉलिसीत कोड एक्ससीएल०८ बघा) त्यातच लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरचं रिकन्स्ट्रक्शन त्यात येत नाही. म्हणजे ते कॉस्मेटिक म्हणून नाकारता येऊ नये. पॉलिसीचं ते पान काढून त्यावर खूण करून ठेवा. सर्जनकडून पत्र घ्या, त्यात कॅन्सरमुळे मॅस्टेक्टॉमी झाली आणि हे त्यानंतरचं रिकन्स्ट्रक्शन आहे हे स्पष्ट हवं, सोबत मॅस्टेक्टॉमीची डिस्चार्ज समरी आणि बायोप्सी रिपोर्ट. प्रीऑथ (आधी मंजुरी मागायचा अर्ज) भरपूर आधी टाका, नाकारलं तर कारण लेखी मागा. दुसऱ्या बाजूची जुळवणी आणि टॅटू यांचं वेगळं विचारा, तिथे कंपन्या अडतात. पॉलिसी कॅन्सरच्या आधीची आहे ना? नसेल तर वेटिंग पिरियड बघावा लागेल. आणि सरकारी योजनेत बसत असाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, पॅकेज आहे का ते तो बघून सांगतो.

शांताबाई_६१

माझी वेगळी बाजू लिहू का? टाटाला परळला माझं ऑपरेशन झालं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून रेडिएशन घेतलं. मला नंतर विचारलं होतं, मी नाही केलं. मला पॅड पुरतो, आता परत भूल नको वाटते. पण तुझं वय लहान आहे आणि तुला मनापासून हवंय, तर कर बाळा, कोणाला पटवत बसू नको. एवढंच की लेकीची परीक्षा, घरातलं लग्न असं काही मध्ये असेल तर तारीख पुढे ढकल, याला घाई नसते. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी पण करतात.

कृष्णाकाठची

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ. काल मिस्टरांना आणि सासूबाईंना बसवून सगळं वाचून दाखवलं. पॉलिसी २०१६ ची आहे, पान काढलं, तो कोड सापडला आणि शब्द अगदी तसेच आहेत. एजंटला फोटो पाठवलाय.

मृणालताई, हात कानापर्यंत जात नाही, अलीकडेच थांबतो, मला खरंच कळलं नव्हतं. आजपासून भिंत सुरू. लेकीची बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे त्यामुळे तारीख एप्रिलनंतरची मागणार, तोपर्यंत हिमोग्लोबिन (आता ९.८ आहे) वर आणायचं. सासूबाई पुढच्या भेटीला पुण्याला येते म्हणाल्या.

मोगराताई, एकच विचारायचं राहिलं, नंतर त्या बाजूची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करावी लागते का?

मोगरा_ठाणे

अगं वा, मस्त! फ्लॅपच्या बाजूची रूटीन मॅमोग्राफी साधारणपणे करत नाहीत, डॉक्टर हाताने तपासतात आणि शंका आली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय. कधी चरबीची कडक गाठ होते, ती बहुतेक वेळा साधी निघते पण दाखवायची लगेच. उजव्या बाजूची मात्र दरवर्षी चालूच ठेवायची. ९.८ चं आधी कारण शोधायला सांग, नुसती लोहाची गोळी नको, पाळी जास्त जाते का तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. आणि सीटीची तारीख मिळाली की इथे लिही.