कोळंबीभात : एक पदार्थ की दोन?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

गेल्या रविवारी रात्रीच्या जेवणासाठी नणंदबाईंना बोलावताना मी फोनवर “कोळंबीभात करते आहे, या” एवढेच सांगितले. त्या नेरूळहून आल्या आणि पानात कोलम तांदळाचा मोकळा भात व शेजारी खोबऱ्याचे वाटप आणि आमसुले घातलेले कोळंबीचे कालवण पाहून म्हणाल्या, “वहिनी, मी सकाळपासून कोळंबीभाताच्या आशेवर होते!” त्यांच्या मते कोळंबीभात म्हणजे एकाच पातेल्यात कोळंबी आणि तांदूळ एकत्र शिजवून केलेला भात. माझ्या माहेरी, रेवदंड्याकडे, कालवण आणि भात या जेवणालाच आम्ही कोळंबीभात म्हणत आलो. जेवण रंगले, वाद मात्र मिटला नाही. या शब्दाचा नेमका अर्थ कोणता मानावा, आणि तो जोडून लिहावा की तोडून?

प्रतिसाद (कोपरी, ठाणे पूर्व)

आपण दोघीही बरोबर आहात. घोळ समासाचा आहे. ‘वरणभात’ म्हणजे वरण आणि भात, हा द्वंद्व समास. ‘साखरभात’ म्हणजे साखर घालून केलेला भात, हा मध्यमपदलोपी समास, आणि ‘पुरणपोळी’, ‘कांदेपोहे’ हे शब्द त्याच्याच पंक्तीतले. आपला कोळंबीभात वरणभाताच्या पंगतीला बसला आहे आणि नणंदबाईंचा साखरभाताच्या.

मग ऐकणाऱ्याला हे कळते कसे? मी असे शब्द आठवून पाहिले. आमटीभात, पिठलंभात, ताकभात, दूधभात, मेतकूटभात यांत पहिले पद स्वतःच खायला तयार असलेल्या पदार्थाचे नाव आहे, त्यामुळे मिसळणे पानात होते. मसालेभात, नारळीभात, वांगीभात यांत पहिले पद कच्च्या जिनसाचे आहे, त्यामुळे मिसळणे पातेल्यात होते. हा नियम कोणी घालून दिलेला नाही, पण बहुतेक शब्द तो निमूटपणे पाळतात. कोळंबी हा कच्चा जिन्नस असल्यामुळे नियमाने पाहिले तर नणंदबाईंचे पारडे जड ठरते. मात्र किनाऱ्यावरच्या घरांत “आज काय आहे?” या प्रश्नाला “आज कोळंबी आहे” असे उत्तर मिळते, आणि तेव्हा तो शब्द जिनसाचे नाव राहत नाही, शिजवलेल्या पदार्थाचे होतो. आपल्या माहेरचा अर्थ या सवयीतून आलेला आहे.

क्रियापदाच्या रूपावरून उलगडा होत नाही, कारण दोन्ही अर्थांनी “कोळंबीभात झाला” असेच म्हटले जाते. ‘कोळंबीचा भात’ म्हटले की मात्र संशय उरत नाही, कारण कालवण आणि भात यांच्या जोडीला कोणी ‘कोळंबीचा भात’ म्हणत नाही. लेखनात सामासिक शब्द जोडूनच लिहावा.

प्रतिसाद (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

कोळंबी हा एकच शब्द धरून चर्चा चालली आहे, म्हणून थोडी भर घालतो. आमच्याकडे या जातीच्या जिवांची नावे आकारावरून आणि अवस्थेवरून बदलतात. अगदी बारीक तो जवळा, त्याहून थोडी मोठी ती करंदी आणि सोलून घेण्याजोगी मोठी ती कोळंबी. मालवणी घरांत हिलाच सुंगटं म्हणतात. वाळवलेल्या जवळ्याला बऱ्याच ठिकाणी सुकट म्हणतात, तर सोलून वाळवलेली कोळंबी म्हणजे सोडे. नारळाच्या वरच्या तंतुमय आवरणाला कोकणात ‘सोडण’ म्हणतात, हे लक्षात घेतले तर ‘सोडे’ म्हणजे आवरण काढलेले, असा संबंध मला तरी पटण्यासारखा वाटतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे आगोटीला, म्हणजे पाऊस तोंडावर आला की, सोडे आणि सुकट डब्यांत भरून ठेवण्याची रीत आहे. आपल्या प्रश्नाचे एक उत्तरही यात सापडते : सोडेभात म्हटले की तो एकत्र शिजवलेलाच असणार, असे आमच्या घरी सगळे धरून चालतात, कारण “आज सोडे आहेत” हे वाक्य आम्ही डब्यात शिल्लक आहेत अशा अर्थानेच वापरतो.

प्रतिसाद (ऐरोली, नवी मुंबई)

मी मूळचा नागपूरचा. आमच्याकडे यांना झिंगे म्हणतात, आणि ‘कोळंबी’ हा शब्द मला नोकरीनिमित्त इकडे आल्यावरच कळला. पहिल्या महिन्यात वाण्याकडे कोलम मागायच्या ऐवजी मी कोळंबी मागितली होती, एवढे सांगून थांबतो.

प्रतिसाद (नेरूळ, नवी मुंबई)

ज्यांच्यामुळे हा प्रश्न निघाला, ती नणंद मीच. वहिनींच्या कालवणाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार असती तर मी दोनदा भात घेतला नसता. परंतु माझ्या मनात होता तो पदार्थ मी शेजारच्या सीकेपी काकूंकडून शिकले आहे आणि त्यांच्या घरी त्याला ‘कोळंबीची खिचडी’ म्हणतात. त्यात डाळीचा दाणाही नसतो. मग खिचडी कशी, असे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी उलट विचारले, “साबुदाण्याच्या खिचडीत कुठे डाळ असते? तिच्यात तर तांदूळसुद्धा नसतो.” खिचडी म्हटले की आपल्याला तांदूळ आणि मुगाची डाळ आठवते खरी, पण ‘भाषेची खिचडी झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दातून एकत्र मिसळून जाणे एवढेच सांगायचे असते. त्यामुळे मला हे नाव आता खटकत नाही. यालाच पुलाव म्हणणारेही आहेत. बिर्याणी मात्र म्हणू नये, कारण तिच्यात थर लावतात.

माझी कृती थोडक्यात सांगते, कारण तिच्यातले काही शब्द माझ्या मुलीलाही समजत नाहीत. कोळंबी सोलून, पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढावा. ती शीर आहे असे पुष्कळांना वाटते, पण ते आतडे असते. हळद, तिखट, मीठ आणि आले-लसूण लावून कोळंबी मुरत ठेवावी. कांदा तांबूस परतून त्यावर कोळंबी टाकावी, आणि तिचा रंग करडेपणा सोडून नारिंगी झाला, अंगाने ती वळली, की लगेच बाजूला काढावी, कारण दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ आचेवर राहिली तर ती वातड होते. त्याच पातेल्यात दोन वाट्या तांदूळ परतून चार वाट्या आधण घालावे. (आधण म्हणजे खळखळ उकळते पाणी. आधी पातेल्यात आधण ठेवून मग त्यात तांदूळ सोडतात, त्या सोडण्याला ‘वैरणे’ म्हणतात.) पाणी आटत आले की कोळंबी आणि नारळाचे थोडे दाट दूध घालून मंद आचेवर वाफ आणावी. भात आसट, म्हणजे ओलसर मऊ, हवा असेल तर पाणी अर्धी वाटी वाढवावे. तळाला धरलेली खरपुडी फेकू नये. आमच्याकडे तिच्यासाठी भांडण होते.

पुन्हा नौपाडा

सर्वांचे मनापासून आभार. कोपरीच्या प्रतिसादातील कच्च्या जिनसाचा आणि तयार पदार्थाचा भेद मी घरी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारले, “मग दहीभाताचे काय? दही तयार असते, पण तो भात मी पातेल्यातच कालवते.” त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ‘कालवण’ हा शब्द मात्र त्यामुळे मला नव्याने उमगला : भात ज्यात कालवायचा ते कालवण. तेव्हा माझ्या अर्थाच्या कोळंबीभातात मिसळण्याचे काम जेवणाऱ्याकडे असते आणि नणंदबाईंच्या अर्थात ते स्वयंपाक करणाऱ्याकडे.

एक उपप्रश्न उरतो. ‘मासळी’सारखाच ‘कोळंबी’ हा शब्द समूहवाचक म्हणून एकवचनात चालतो : अर्धा किलो कोळंबी आणली, कोळंबी सोलली. पण रविवारी धाकट्याने ताटात बघून “मला पाचच कोळंब्या का?” असे विचारले आणि कोणालाही ते चुकीचे वाटले नाही. हे अनेकवचन आपल्या घरी वापरतात का?

प्रतिसाद (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

वापरतात, पण पानात वाढून झाल्यावर. टोपलीतली शंभर असली तरी कोळंबीच.