‘तासिका तत्त्वावर’ यातलं तत्त्व कोणतं?

पुतणीची नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, निघाली. परवा पेपरातलं कात्रण घेऊन आली: ‘सहायक प्राध्यापक, तासिका तत्त्वावर. मानधन शासन नियमानुसार. पात्र उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने मुलाखतीस हजर राहावे.’ तिचा प्रश्न, ‘काका, यात तत्त्व कुठलं?’ मला काही सांगता येईना. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

— तत्त्व म्हणजे इथे नुसती पद्धत. ‘क्लॉक अवर बेसिस’चं, म्हणजे सीएचबीचं, हे सरकारी मराठी: जितके तास घ्याल तितकेच पैसे. ‘कंत्राटी तत्त्वावर’, ‘अनुकंपा तत्त्वावर’ ही त्याचीच भावंडं. बोलताना मात्र ‘सध्या काय चाललंय?’ ‘सीएचबीवर आहे.’ संपलं.

— ‘तासिका’ची गंमत बघा. तास आला फारसीतून, तिकडे त्याचा अर्थ वाटी, भांडं. आपल्याकडे टोले द्यायच्या काशाच्या थाळीलाही तास म्हणत. त्याला संस्कृतचं ‘-इका’ शेपूट चिकटवलं. कॉलेजात आपण तास घेतो. तासिका फक्त वेळापत्रकात आणि बिलात.

— बिलात हे अगदी खरं. सहा वर्षं काढलीत सीएचबीवर. महिनाअखेरीस तक्ता भरायचा: तारीख, वर्ग, शिकवलेला घटक, वेळ, शेवटी विभागप्रमुखांची सही. गणपतीची सुट्टी लागली की तेवढे रकाने कोरे आणि पैसेही तेवढे कमी. मे महिन्याचं तर विचारूच नका.

— थोडं अवांतर. पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक अशी उतरंड होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१० च्या नियमावलीने पहिल्या दोघांना सहायक आणि सहयोगी प्राध्यापक केलं. नावाआधी ‘प्रा.’ तर तेव्हाही सगळेच लावत, लग्नपत्रिकेत हमखास.

— तत्त्वाचं राहू द्या, मला ‘मानधन’ खुपतं. वेतन म्हटलं की वेतनश्रेणी, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी मागोमाग आले. मानधनामागे काही येत नाही. पाहुण्या वक्त्याला शाल-नारळाबरोबर पाकीट देतात, त्यासाठी शब्द ठीक आहे. रोज चार तास घसा कोरडा करणाऱ्याला कसलं मानधन? अंगणवाडीताईंनाही हाच शब्द.

— संस्कृतात ‘मानधन’ बहुव्रीही आहे: मान हेच ज्याचं धन, असा मानी माणूस. ‘किरातार्जुनीय’ या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात भारवीने दुर्योधनाच्या धनुर्धरांना हेच विशेषण लावलंय. मराठीने विग्रह फिरवला आणि ‘मान म्हणून दिलेलं धन’ केलं.

— म्हणजे सीएचबीवाले अजून बहुव्रीहीतच अडकलेत म्हणायचे!

— पण त्या श्लोकात लगेच पुढचा शब्द ‘धनार्चिताः’ आहे हो. दुर्योधन त्यांना पैसेही देत होता.

— पुतणीला सगळं वाचून दाखवलं. दुर्योधनाशी पोचल्यावर हसली. सोमवारी मुलाखत आहे, सकाळच्या एसटीने निघतेय. स्वखर्चाने.