आजोबांचा बी-२७५ ट्रॅक्टर वजन ओढायच्या स्पर्धेसाठी तयार करायचाय, डिझेल वाढवू का?

घणसोलीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. आमच्या घरामागे आजोबांचा महिंद्राचा बी-२७५ उभा आहे. जमीन सिडकोत गेली तरी आजोबांनी ट्रॅक्टर काही विकला नाही, मग काकांनी तो शिळफाट्याकडे वीटभट्टीवर लावला आणि २००६ ला जो पत्र्याखाली आणून उभा केला तो उभाच. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, विषय संपला. गेल्या महिन्यात मी आणि मावसभावाने मिळून हात घातला. सायलेन्सरमधे कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनमागच्या जड चाकाला) चिकटलेली त्यामुळे पेडल दाबलं तरी गिअर पडेना, पण इंजिन हाताने फिरत होतं. टाकी धुतली, फिल्टर बदलले, एअर काढली आणि तिसऱ्या सेल्फला उठला राव. आजी आतून ओरडली, वाळत घातलेल्या कपड्यांवर धूर येतोय म्हणून.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत जुने ट्रॅक्टर वजनाची स्लेड (जमिनीवर घासत जाणारा गाडा) ओढतात त्याचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. मुरबाडकडे मित्राचं शेत आहे, भात काढलं की रिकामंच असतं, तिथे आम्ही सहा-सात जण जुने ट्रॅक्टर घेऊन जमणार आहोत, एक मॅसी १०३५ आहे, एक फोर्ड ३६००, एक एचएमटी. बक्षीस बिक्षीस नाही, हरेल त्याने मटण.

माझा प्लॅन असा की पंपाचं डिझेल वाढवायचं, गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणारा भाग) स्प्रिंग कडक करून आरपीएम वाढवायचे, कळंबोलीला सेकंडहँड टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) मिळतोय तो बसवायचा, बॉनेट मडगार्ड काढून गाडी हलकी करायची आणि हुक वर घ्यायचा म्हणजे मागच्या चाकांवर वजन येईल. बजेट ४० हजार. बरोबर चाललंय ना?

ऐरोली_ओहायो_रिटर्न

भावा पाचातलं एक अर्धं बरोबर आहे, बाकी उलटं 😄

मी कंपनीच्या कामाने दोन वर्षं ओहायोत होतो, तिथल्या जत्रांमधे (हो, जत्राच, म्हशीच्या जागी होल्स्टीन गाई आणि वडापावच्या जागी कणसं) हा प्रकार दर शनिवारी बघायचो. बोलिंग ग्रीन गावात १९६७ पासून दर ऑगस्टला मोठी स्पर्धा होते, तिथे चार-चार इंजिनं लावलेले राक्षस येतात. ते तू व्हिडिओत बघतोस. पण अँटिक क्लास वेगळा. त्यात सत्तरी पार केलेले आजोबा स्वतःच्याच वयाचा ट्रॅक्टर घेऊन येतात, कंपनीतून आला तसाच, टर्बो आधी नसेल तर आता पण नाही, हुकची उंची बऱ्याच क्लबांत जास्तीत जास्त २० इंच, काही क्लासमधे तर वेगाला पण मर्यादा. वजनाप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक जण गटाच्या वरच्या टोकाला टेकेपर्यंत लोखंड लावून घेतो. हलका करून कोणी येत नाही रे तिकडे.

आधी एक काम कर. वजनकाट्यावर जा आणि पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी मोजून आण, त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

कोलशेत_काका

मी महिंद्राच्या कांदिवलीच्या प्लँटला होतो, आता रिटायर होऊन ठाण्यात आहे. १९६३ मधे अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी निघाली आणि हा बी-२७५ तिथेच बनायला लागला, त्यामुळे माझा जीव जरा जास्तच आहे त्याच्यावर हे आधीच सांगतो. इंजिन चार सिलिंडर, १४४ क्यूबिक इंच म्हणजे साधारण २३६० सीसी, ३५ हॉर्सपॉवर. आज तेवढ्या सीसीत काय काय काढतात, पण ते ओतीव काम त्या काळाचं आहे.

डिझेल वाढवून काळा धूर येईल, ताकद येणार नाही. हवा तेवढीच असताना डिझेल जास्त गेलं की ते अर्धवट जळतं, पिस्टन आणि वॉल्व्ह तापतात. टर्बोचं नावच काढू नको, हेड गॅस्केट पहिल्याच दिवशी जाईल.

आणि आरपीएम वाढवणं ही सगळ्यात वाईट आयडिया. फ्लायव्हील बिडाचं (ओतीव लोखंडाचं) आहे. तुझी क्लच प्लेट त्याच्यावर गंजून चिकटली होती म्हणजे तोंड खराब झालं असणार, तू लेथवाल्याकडून घासून घेतलंस का? किती घासलं? बीड जास्त वेगाने फिरवलं की फुटतं, वाकत वगैरे नाही, आणि फुटलं की क्लच हाउसिंग फोडून बाहेर येतं, तिथे तुझे पाय असतात.

घणसोलीचा_पोरगा

काका घासून घेतलंय. नाव नाही घेत, पण ज्याच्याकडे दिलं त्याने तीन आठवडे ठेवून घेतलं आणि वर म्हणाला की मस्त आरशासारखं केलंय. आरशासारखं आहे खरं. किती घासलं ते त्यालाही माहीत नाही.

खारीगावचा_दादा

लेथवाला राहू दे, हुकचं ऐक आधी. माझ्या डोल्यांनी बघितलेलं सांगतो. आमच्या मामाची भट्टी होती, पावसात विटांची ट्रॉली रुतली. ड्रायव्हर बोलला हुक खाली आहे म्हणून जोर येत नाय, आनि साखळी बांधली वरती टॉप लिंकच्या (अवजारं जोडायच्या वरच्या दांड्याच्या) पिनला. लो फर्स्ट टाकला, क्लच सोडला, ट्रॉली हललीच नाय. पुढची चाकं वर, मंग सायलेन्सर आकाशाकडं, मंग स्टिअरिंग जमिनीत. तो बाजूला फेकला गेला म्हनून वाचला, नायतर खालीच होता. आमी तिघं शेजारी उभे होतो, कोनाला 'अरे' बोलायला पन टाइम मिळाला नाय.

मागच्या चाकांत पानी भर. चिखलनीला आमी केज व्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावतो पन सुक्या जमिनीत ते काय कामाचे नाय, टायरच पायजे. डिफ लॉक (मागची दोनी चाकं एकत्र फिरवनारा) चालतो का बघ. बसून बसून जाम झाला असंल.

ऐरोली_ओहायो_रिटर्न

दादांनी सांगितलं ते पुस्तकात पण आहे, मागे उलटायला लागला की पाऊण सेकंदात हातातून जातो, माणसाचा पाय क्लचवर पोचेपर्यंत खेळ खल्लास. म्हणून ओढायची पट्टी (हुक असतो ती) नेहमी अ‍ॅक्सलच्या मागे आणि अ‍ॅक्सलच्या खाली, म्हणजे नाक उचललं की हुक आपोआप खाली जातो आणि जोर उतरतो. तिकडे मागे दोन छोटी चाकं लावलेले दांडे पण असतात, उलटायला लागला की त्यावर टेकतो. तू ते आधी बनव. आणि एक इंजिन बंद करायची केबल मागे आणून ठेव, तिची दोरी स्लेडला बांधतात, पिन तुटून ट्रॅक्टर सुटला तर दोरी खेचली जाऊन डिझेल बंद. टर्बोपेक्षा स्वस्त पडतं.

कळवा_पारसिक

बॉनेट कापायच्या आधी आरसी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इंजिन वगैरेत मनाने बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मधे पण तेच म्हटलंय. मुरबाडला रस्त्याने नेणार की टेंपोवर टाकून?

घणसोलीचा_पोरगा

टेंपोवर. रस्त्याने नेला तर शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधेच स्पर्धा संपेल.

काट्यावर जाऊन आलो. महापेला काट्यावरचा माणूस विचारतो माल काय आहे, म्हटलं माल नाही, ट्रॅक्टरच मोजायचाय, तो पण अर्धा अर्धा. त्याने आधी ट्रॅक्टरकडे बघितलं मग माझ्याकडे. पुढची चाकं ६६०, मागची ११२०, एकूण १७८० किलो, मी खाली उतरून. टेपने मोजलं तर पुढच्या मागच्या अ‍ॅक्सलमधे १९० सेमी, पट्टीची उंची ४५ सेमी. आता बोला.

ऐरोली_ओहायो_रिटर्न

वा, आता मजा येईल. तू बसलास की मागे साधारण ११९० धर. सुक्या घट्ट मातीत टायर स्वतःवरच्या वजनाच्या साठ टक्के ओढतो असं धरू. ओढताना पुढचं वजन मागे येतं, किती, तर ओढ गुणिले हुकची उंची भागिले १९०. हे सगळं घालून तुझा ट्रॅक्टर जास्तीत जास्त ८३० किलोचा जोर लावेल, त्यात पुढून दोनशे किलो मागे आलेलं असेल. त्याच्या वर चाक गरगरणार.

आता इंजिन बघ. ३५ मधले २६ एचपी जरी हुकपर्यंत पोचले तरी ८३० किलोचा जोर ताशी साडेआठ किमीपर्यंत निघतो. म्हणजे त्याच्या खालच्या कुठल्याही गिअरला तुझं इंजिन हरतच नाही, टायर हरतो. मग डिझेल वाढवून काय करणार, चाक अजून जोरात गरगरवणार?

हुक ४५ चा ५० सेमी केलास तर कमाई किती, जेमतेम १६ किलो. आणि मागच्या दोन टायरमधे मिळून ३६० किलो पाणी भरलंस तर जोर होतो १०८० च्या आसपास. अडीचशे किलो फुकट! फक्त मग गिअर असा निवड की ताशी साडेसहाच्या वर जाणार नाही, नाहीतर मात्र इंजिन दबेल. पुढे तरी चारशे किलो शिल्लक राहतात, स्टिअरिंगला पुरेत. तुझे ४० हजार टायरमधे घाल, दात शिल्लक असलेले, दोन्ही एकाच कंपनीचे.

घणसोलीचा_पोरगा

आईशप्पथ, १६ किलो?? मी हुकसाठी वेल्डरला ॲडव्हान्स देणार होतो.

स्लेडचं काय करू? लोखंडी चॅनेलवर सिमेंटच्या गोण्या टाकून ओढायच्या असं ठरतंय.

ऐरोली_ओहायो_रिटर्न

खऱ्या स्लेडमधे वजनाची पेटी सुरुवातीला मागे स्लेडच्या चाकांवर असते, ट्रॅक्टर जसा पुढे जातो तशी चाकांवरूनच चेन फिरून पेटी पुढे सरकते आणि सगळं वजन पुढच्या जमिनीवर घासणाऱ्या पत्र्यावर येतं. म्हणून पहिले शंभर फूट सगळेच हिरो. ३०० फूट पूर्ण केले की फुल पुल, दोघांचं झालं तर वजन वाढवून परत. पूर्वी तिकडे माणसं धावपट्टीच्या कडेला उभी राहायची आणि स्लेड जवळ आली की एकेक जण तिच्यावर चढायचा. ते आपल्याकडे करू नका, आपल्याकडे सगळा गाव चढेल. गोण्या चालतील, प्रत्येक फेरीला वाढवत जा.

खारीगावचा_दादा

गोन्या सिमेंटच्या नको रे, एक फाटली की शेताचा सत्यानाश. रेती भर. आनि पान्याचा व्हॉल्व वेगला मिळतो टायरवाल्याकडं, ट्यूबचा साधा नाय चालत. व्हॉल्व वरती घेऊन तिथपर्यंतच भर, फुल नको.

कोलशेत_काका

पाणी भर, टायर घे, सगळं कर. पण त्या फ्लायव्हीलचा फोटो टाक आधी, क्लचच्या बाजूने, जवळून, उजेडात. केसासारख्या बारीक चिरा गोल भागात दिसतायत का बघ. शंका असेल तर काढून घरी घेऊन ये, मी कोलशेतलाच आहे, दुपारी चारनंतर. रिक्षाने आणू नको, जड आहे, रिक्षावाला शिव्या देईल.

घणसोलीचा_पोरगा

काका रविवारी येतो, मावसभावाची व्हॅन आहे. आजीने विचारलंय तुमच्यासाठी सुकट चालेल का.

कोलशेत_काका

सुकट चालेल. स्पॅनर पण आण, माझे सगळे मुलाने भंगारात दिले.