कोडिंग सोडून थिअरीत पीएचडी करावी का?

निशाचर:
बरीच वर्षं बॅकएंड लिहितोय. हल्ली अल्गोरिदमच्या सिद्धता वाचायचा नाद लागलाय आणि संगणकशास्त्राच्या थिअरीत पीएचडीला अर्ज करावासा वाटतोय. टीममधले म्हणतात, थिअरीचा प्रत्यक्षात काही उपयोग नाही. कोडिंगचा अनुभव तिकडे वाया जाईल का?

अनुस्वार:
मी आधी कंपायलरवर काम करायचे, आता थिअरीत आहे. वाया अजिबात जात नाही. तुम्ही रोज वापरता त्या सॉर्टचंच, म्हणजे यादी क्रमाने लावणाऱ्या अल्गोरिदमचंच बघा. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी टिमसॉर्ट लिहिला. खऱ्या डेटात आधीच क्रमाने लागलेले तुकडे असतात, ते हेरून एकमेकांत मिसळायचे, ही कल्पना. अशी नजर कोड लिहूनच येते! पुढे तो जावानेही घेतला. २०१५ मध्ये काही संशोधक जावातला हा कोड बरोबर असल्याचं सिद्ध करायला बसले, तर सिद्धता पुढेच सरकेना. मिसळायचे राहिलेले तुकडे स्टॅकमध्ये, म्हणजे एकावर एक रचून ठेवलेले असतात. त्यांच्या लांबीचा नियम वरच्या टोकालाच तपासला जायचा. खाली तो मोडला, की ठरावीक इनपुटवर प्रोग्रॅम अ‍ॅरेबाहेर जाऊन कोसळायचा. टेस्टमधून निसटलेली चूक सिद्धतेने पकडली. २०१८ मध्ये मुनरो आणि वाइल्ड यांनी तुकडे मिसळण्याचा आणखी चांगला क्रम मांडला, पॉवरसॉर्ट. २०२२ च्या पायथन ३.११ मध्ये तो आलासुद्धा.

शेषनाग:
हे उदाहरण सोयीचं आहे. २००२ मध्येच अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी संख्या अविभाज्य आहे का, हे बहुपदी वेळात (म्हणजे अंक वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर न फुगता) आणि खात्रीने ठरवता येतं असं दाखवलं. अप्रतिम काम. तरी प्रत्यक्षात मोठ्या संख्यांसाठी मिलर-रॅबिन ही चुकण्याची अगदी थोडी शक्यता ठेवणारी चाचणीच चालते, कारण ती कितीतरी वेगवान आहे. उपयोगासाठी जाणार असाल तर जाऊ नका.

अनुस्वार:
शेषनाग, मान्य. तो प्रश्न सुटणंच मोलाचं होतं, उपयोग झाला नाही तरी. निशाचर, खरी अडचण वेगळी आहे. कोड चुकला तर मशीन लगेच सांगतं. सिद्धतेत महिनाभर चुकीच्या वाटेवर असलात तरी कोणी सांगत नाही. ते सोसवतं का, हे नोकरीत असतानाच बघा. पायथनच्या सोर्समध्ये लिस्टसॉर्ट नावाचं पीटर्स यांचं टिपण आहे, ते आधी वाचा. मग पॉवरसॉर्टच्या पेपरमधलं एक प्रमेय घ्या आणि पेपर मिटून स्वतः सिद्ध करा.

निशाचर:
टिपण उघडलंय. अडलो की इथेच विचारतो.