चार रस्त्यांचा चौक: सिग्नल बसवावा की सर्कल बांधावं?

प्रश्न (चौकवाला): शहराच्या कडेला चार दुपदरी रस्ते मिळतात. संध्याकाळी सगळ्या बाजूंनी मिळून तासाला १८००च्या आसपास वाहनं, त्यात दुचाकीच जास्त. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मोकळी जागा कडेपासून कडेपर्यंत ३६ मीटर. सिग्नलचा प्रस्ताव आहे. सर्कल जमेल?

नकाशेवाला: जमेल. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे मानक ठरवणारी संस्था) जुन्या मार्गदर्शिकेत सर्कलची मर्यादा तासाला ३००० वाहनं धरली आहे. वेळ वाचतो, पण खरा फायदा टकरीच्या प्रकारात. साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी भिडतात, एकपदरी सर्कलमध्ये ८. काटकोनातली धडक जवळपास संपते, उरतं ते घासणं.

फिरता रस्ता साडेपाच मीटर ठेवा. त्याच्या आत तीनेक मीटर दगडी पट्टा, ५ ते ७ सेंमी उंच. ट्रॉलीची मागची चाकं आत कापतात ती त्यावरून जातील, कार मात्र चढणार नाही. आत शिरताना रस्ता डावीकडे वाकवायलाच हवा. तो सरळ ठेवून मध्ये नुसता पुतळा-कारंजं केलं की वेग कमी होतच नाही.

पिवळी_रेघ: एक बाजू भरभरून वाहत असेल तर तिच्या पुढच्या रस्त्यावरच्यांना फट मिळत नाही. तिथे सिग्नलच बरा. म्हणून आधी दर १५ मिनिटांची मोजणी करा आणि कोण कुठे वळतं तेही लिहा. नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका.

चौकवाला: उजवीकडे वळणारे बरेच आहेत. सर्कल जाम होतं ते का?

पिवळी_रेघ: शिरणारे घुसतात म्हणून. ते आतल्यांना अडवतात, अडकलेले बाहेर पडायची तोंडं बंद करतात आणि सगळ्यालाच कुलूप लागतं. आत फिरणाऱ्याला आधी वाट, हा नियम ब्रिटनने १९६६ मध्ये देशभर लावला, मगच तिथली सर्कलं सुटली. आपल्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीतही तो आहे. चारही तोंडांना उलट्या त्रिकोणाची ‘वाट द्या’ पाटी आणि तुटक रेघ हवीच.

नकाशेवाला: झेब्रा तोंडापासून सहा मीटर मागे घ्या, म्हणजे थांबलेली गाडी त्यावर येत नाही. मधल्या दुभाजकात पादचाऱ्याला १.८ मीटर जागा ठेवा. रिक्षा थांबा तोंडाशी नको. बांधण्याआधी वाळूच्या पोत्यांनी आकार आखून दोन आठवडे चालवून बघा. ट्रॉली कुठे अडते ते पहिल्याच दिवशी कळेल.