सोलापुरात नाताळ, कचरा न करता : चांदणी, झाड, गव्हाण, प्रीतिभोजन. सल्ला हवा आहे

अंगणातली_चांदणी (२८ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या चर्चच्या सजावटीचं आणि २५ तारखेच्या प्रीतिभोजनाचं काम महिला मंडळाने माझ्याकडे दिलंय. माणसं साधारण दीडशे, बजेट आठ हजार.

गेल्या वर्षी २६ला सकाळी झाडलोटीला गेले होते. थर्माकोलचे गोळे, झिरमिळ्या, फुगे, कागदी म्हणून आणलेल्या ताटल्या असं सगळं मिळून सात पोती भरली. ती फाटकाबाहेर ठेवून आत गेले, पाच मिनिटांनी परत आले तर एक गाय पोत्यात तोंड घालून उभी. तिच्या तोंडातून सोनेरी झिरमिळी लोंबत होती. मी ओढायला गेले तर वीतभर हातात आली आणि तुटली, बाकीची पोटात गेली. आदल्या रात्री आम्ही गोठ्यात जन्मलेल्या बाळाची गाणी म्हटली होती. ती झिरमिळी वर्षभर माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही.

इंटरनेटवर शोधलं तर पाइनची फळं, बर्फ, लाकडाची शेकोटी. आपल्याकडे काय मिळतं, काय टिकतं ते सांगा. चांदणी, झाड, गव्हाणीचा देखावा आणि जेवणाची ताटं, या चारच गोष्टी अडल्यात.

मागावरचा (२८ नोव्हेंबर)

ताई, चांदणीचं मी सांगतो. लहानपणापासून दर नाताळला घरी करतोय.

बुरुडाकडून बांबूच्या कामट्या घ्या. तीन फुटी दहा आणि वीतभर लांबीच्या पाच. पाच लांब कामट्यांचा एक तारा बांधायचा, असे दोन. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने घट्ट बांधायची. मग मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे आखूड कामट्या उभ्या अडकवायच्या. त्या अडकवल्या की चपटा तारा फुगतो, पोट धरतो. ही पायरी मुलांना करू द्या, त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

वरून जिलेटिन नको, पतंगाचा कागद लावा किंवा जुनं मलमल. चिकटवायला मैद्याची खळ. खळ पातळ हवी, जाड झाली तर वाळल्यावर कागद तडकतो. आत ९ वॉटचा एलईडी पुरतो, पूर्वीच्या ६० वॉटच्या बल्बाइतका उजेड पडतो आणि कागद तापत नाही. सांगाडा नीट बांधला तर पाच-सहा वर्षं चालतो, दरवर्षी फक्त कागद बदलायचा.

होटगी_रोड (२९ नोव्हेंबर)

झाडासाठी नर्सरीतून खरं ख्रिसमस ट्री आणा ना. कुंडीत वर्षभर राहतं.

गच्चीवरची_बाग (२९ नोव्हेंबर)

मी आणलं होतं, अनुभवाने सांगते. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून देतात ते बहुतेक अरौकेरिया, मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं. त्याला दमट, सौम्य हवा लागते. आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. सावलीत ठेवलं, दोन वेळा पाणी घातलं, तरी खालच्या फांद्यांपासून वाळत वर गेलं. कुंडीतलंच हवं असेल तर मोरपंखी घ्या. ती आपल्या उन्हाळ्यात तगते आणि आकारही निमुळता असतो.

आणि चांदणीताई, चर्चमध्ये आधीचं प्लास्टिकचं झाड आहे का? असेल तर टाकू नका. दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड जातो असा ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचा अंदाज आहे. तो आधीच हवेत गेलाय. आता ते झाड जितकी वर्षं वापराल तितकं बरं.

अंगणातली_चांदणी (२९ नोव्हेंबर)

प्लास्टिकचं आहे, पण एक पाय मोडलेला आणि निम्मी पानं गळालेली. आवारात मोठा कडुनिंब आहे, त्यालाच सजवलं तर?

गच्चीवरची_बाग (२९ नोव्हेंबर)

कडुनिंबच सजवा! फक्त खिळे ठोकू नका, आणि दिव्यांच्या माळा फांद्यांत न गुंडाळता बुंध्यालाच ठेवा. रात्री दहाला बंद करा, वर पाखरं झोपलेली असतात. खालच्या फांद्यांना बाजरीची कणसं सुतळीने टांगा. नाताळ झाला की काढायचीच नाहीत, चिमण्या साफ करतात.

शिवारातून (३० नोव्हेंबर)

गव्हाणीसाठी कडबा घ्या. आम्ही मोहोळकडचे, घरी जनावरं आहेत, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो. कडब्याला स्टेपलर, टाचणी, तार अजिबात लावू नका. सुतळीनेच बांधा. जनावर चारा चावून बघत नाही, आधी गिळतं आणि मग रवंथ करतं. तार पोटात गेली तर पुढे काळजापर्यंत टोचते, आमची एक म्हैस अशीच गेली. दुसरं, चमकी किंवा रंगाचा फवारा मारू नका. इतकं पाळलंत तर देखावा उतरल्यावर तोच कडबा कुठल्याही गोठ्यात आनंदाने घेतील. यंदा पेंढी महाग आहे, कुणी नाही म्हणणार नाही.

आणि कडब्याजवळ मेणबत्ती, पणती नको. कडबा भडकला तर आवरत नाही.

जुना_सभासद (३० नोव्हेंबर)

वरचं वाचून एक आठवलं. गव्हाणीचा देखावा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडला, तेव्हा तिथे गवत होतं, जिवंत बैल आणि गाढव होतं. याच फ्रान्सिसना १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. ताई, तुम्ही नवीन काही आणत नाही आहात. पाळकसाहेबांना हे सांगून बघा, उपदेशात येईल.

थर्माकोलचा विषयच काढू नका. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे आणि सजावटीचा थर्माकोल तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. मूर्ती कुंभाराकडून करून घ्या, कच्च्या मातीला गेरू आणि चुना पुरतो.

सुनंदा_आत्या (१ डिसेंबर)

सगळं चांगलं आहे, पण मनातलं बोलते. वर्षातला एक दिवस. पोरं चकाकी बघायला येतात. कडबा, माती, कडुनिंब, सगळं फिकं दिसेल. आमच्या लहानपणी गरिबी होती म्हणून चर्च साधं असायचं, आता देवाने दिलंय तर सजवावं असं म्हाताऱ्या माणसांना वाटतं.

अंगणातली_चांदणी (१ डिसेंबर)

आत्या, बरं झालं बोललात. माझ्या सासूबाईही हेच म्हणाल्या. चकाकी हवीच, पण चमकी नको. चमकी म्हणजे प्लास्टिकचा चुरा. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीवर निर्बंध आणले. झाडूनही ती जात नाही, थेट गटारात उतरते. तुमच्याकडे दुसरं काही आहे का चकाकणारं?

सुनंदा_आत्या (१ डिसेंबर)

माझ्याकडे आईची दोन इरकल लुगडी आहेत, मधे विरलेली, पण काठ-पदर शाबूत. बैलांच्या गळ्यातली पितळी घुंगरंही आहेत, माळ्यावर पडून आहेत. चिंचेने घासली तर सोन्यासारखी होतात. येऊन घेऊन जा, बाळा.

मागावरचा (२ डिसेंबर)

आत्या, त्या लाल पदराची चांदणी केली तर आतून दिवा लागल्यावर काय दिसेल! मी येतो बांधायला.

मुलांच्या खाऊसाठीही एक सुचवतो. प्लास्टिकच्या पिशव्या आणि चायना खेळणी नकोत. कारखान्यात किंचित दोष असलेले नॅपकिन स्वस्तात मिळतात. त्यातच शंकरपाळी, करंजी बांधून द्या. पुडकं सुटलं की नॅपकिन घरात वापरात राहतो.

दाळ_गल्ली (२ डिसेंबर)

जेवणाला स्टीलची ताटं भाड्याने घ्या. प्रश्न संपला.

अंगणातली_चांदणी (२ डिसेंबर)

दादा, तिथेच अडलंय. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. ताट, वाटी, पेला धुवायला माणशी दोन लिटर धरले तरी तीनशे लिटर. पाण्याचा दिवस २५ला आला नाही तर टँकर मागवावा लागेल.

गच्चीवरची_बाग (३ डिसेंबर)

मग पळसाच्या पत्रावळी आणि द्रोणच. घेताना उलटून बघा, हल्ली पानामागे प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. नखाने खरवडलं की सुटून येतो. काड्यांनी टाचलेली घ्या. रस्सा द्रोणात, ताटात कडक भाकरी आणि भात. कडक भाकरी उरली तरी आठवडाभर टिकते. पेले प्रत्येकाने घरून आणावेत, आदल्या रविवारी उपासनेनंतर सांगून ठेवा. आवारात तीन फुटी खड्डा, पत्रावळ्या त्यात, वर पालापाचोळा आणि माती. हाडं मात्र वेगळी ठेवा, नाहीतर कुत्री रातोरात खड्डा उकरतात.

शेजारच्यांना फराळ पाठवताना पिशव्या लागणारच नाहीत. दिवाळीत त्यांनी पाठवलेले डबे तुमच्याकडे असतील. रिकामा डबा परत करायचा नसतो, तेच डबे भरून पाठवा.

अंगणातली_चांदणी (२७ डिसेंबर)

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी. काल झाडलोट झाली. सात पोत्यांच्या जागी अर्धं पोतं निघालं, तेही मुख्यतः लोकांनी घरून आणलेल्या बिस्किटांच्या वेष्टनांचं. खर्च सहा हजार चारशे.

चुकलं ते सांगते. पेले निम्म्यांनीच आणले, ऐनवेळी शेजारच्या मंडपवाल्याकडून साठ आणावे लागले. काही पत्रावळ्या एका थरात गळल्या, दोन-दोन द्यायला हव्या होत्या. खड्डाही लहान पडला, उरलेल्या पत्रावळ्या आज दुसऱ्या खड्ड्यात घातल्या.

आत्यांच्या लुगड्याची चांदणी २४च्या रात्री लावली. दिवा लागल्यावर पदराच्या पट्ट्या जमिनीवर लाल उमटल्या आणि मुलं त्या पट्ट्यांवर पाय ठेवून खेळत राहिली. आत्या बराच वेळ पायरीवर बसून होत्या. कडुनिंबाची कणसं आज सकाळी निम्मी झाली आहेत.

कडबा न्यायला विजापूर रोडचे एक गवळीदादा आले होते. मी स्वतः पेंढी पेंढी सोडून, हाताने चाचपून दिली. एक टाचणी सापडली, मुलांच्या नाटकातल्या पंखाची असावी. ती काढली, मग सगळं पुन्हा एकदा तपासलं.

सांगाडा चर्चच्या माळ्यावर ठेवलाय. शहरात कुणाला पुढच्या वर्षी चांदणी शिकायची असेल तर इथेच लिहा, मागावरचे दादा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शिकवायला तयार आहेत. कामट्या आपापल्या आणा.